शनिवारची पोटदुखी

*"बाई, नमस्कार. आम्ही वडगावात राहतो. घरी दोन माग आहेत, हे माग बघतात, मी कांड्या भरते. मुलगी बारा वर्षांची, सरकारी मराठी शाळेत सातवीला. अभ्यासात बरी, गणितात कच्ची. अंगानं थोराड आहे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तिनं पीटीचा धसकाच घेतलाय. सरांनी सगळ्यांना 600 मीटर पळवलं, ही शेवटी आली. मधेच चालायला लागली म्हणून दहा उठाबशा काढायला लावल्या. पोरं तिला 'रोडरोलर' म्हणतात. आता दर शनिवारी सकाळी पोटात दुखतं म्हणून रडते. इतर दिवशी काही नसतं. सर कन्नड आहेत, दोन शाळांना मिळून एकच. माणूस वाईट नाही, पण सगळं लक्ष कबड्डीच्या टीमवर. ओळखीचे एक डॉक्टर पीटीतून सूट मिळण्यासाठी सर्टिफिकेट द्यायला तयार आहेत. तेवढ्या वेळात ती वर्गात बसून गणितं तरी सोडवेल. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीला पळून काय करायचं हाय? सर्टिफिकेट घेऊ का?"*

*– एक आई, वडगाव, बेळगाव*

ताई,

सर्टिफिकेट घेऊ नका. का, ते पुढं सांगते. आधी शनिवारचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही दोन ओळींत उरकून पुढं गेलात. पोट शनिवारीच दुखतं, इतर दिवशी नाही. पीटीचा तास आठवड्यात मधेही एखादा असणार. मग त्या दिवशी का दुखत नाही?

शनिवारी सकाळची शाळा, सगळ्या शाळेची एकत्र कवायत, आणि अंगात पांढरा ड्रेस.

मी एकतीस वर्षं पीटीची बाई होते. कवायतीच्या रांगेत उभ्या असलेल्या सातवी-आठवीच्या पोरी एकमेकींच्या कानात काय बोलतात ते मला पाठ आहे: "मागं बघ गं जरा." एक पुढं होते, दुसरी दोन पावलं मागं राहून बघते, मान हलवते, मग पहिलीचा जीव भांड्यात पडतो. "हात वर" म्हटलं की हात खांद्याच्या वर जात नाहीत, कारण झंपर वर सरकतो. "पुढं वाका" म्हटलं की निम्म्या पोरी गुडघ्यातच वाकतात. मी सुरुवातीची बरीच वर्षं याला आळस समजून ओरडत होते.

तुमच्या लेकीला पाळी सुरू झाली आहे की व्हायच्या बेतात आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाराव्या वर्षी दोन्ही शक्य आहे. पाळी महिन्यातून एकदा येते, पण धास्ती दर शनिवारची असते, कारण सुरुवातीची दोन-एक वर्षं तारीख धड नसते. तेव्हा आज रात्री, सासूबाई झोपल्यावर, तिच्या शेजारी आडवं होऊन विचारा. समोर बसवून नको, अंधारात पोरी लवकर बोलतात. पांढऱ्याचीच भीती निघाली तर उपाय सोपा आहे. शाळेतल्या एखाद्या बाईंना भेटून सांगा की शनिवारी ती गडद निळी ट्रॅक पँट घालून येईल. एकटीनं घातली तर पुन्हा तीच उठून दिसणार, म्हणून सहावी-सातवीच्या सगळ्याच मुलींना मुभा मागा. पॅडचंही विचारा. कर्नाटक सरकारची शुचि योजना त्यासाठीच आहे. तुमच्या शाळेत ते खरोखर पोचतात का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि पाळीत पळू नये, उड्या मारू नयेत, हे जे आपल्याकडं सांगतात त्यात तथ्य नाही. जमेल तेवढी हालचाल केली तर कळा बऱ्याच जणींना कमीच होतात. नको वाटलं तर त्या दिवशी चालावं. बसवून मात्र ठेवू नये.

आता ते 600 मीटर. हा आकडा सरांनी मनानं काढलेला नसणार. खेलो इंडियाची शाळांसाठी जी तंदुरुस्ती चाचणी आहे तिच्यात चौथीपासून पुढच्या मुलांना 50 मीटर धावणं, बसून पुढं वाकणं, पोटाचे आणि हातांचे व्यायाम असतात, आणि त्यातच हे 600 मीटर असतं. गंमत अशी की त्या चाचणीचं नावच मुळात '600 मीटर धावणे/चालणे' असं आहे. म्हणजे दम लागला म्हणून चाललेली तुमची लेक नियमातच होती. ज्या गोष्टीला चाचणीत मुभा आहे तिच्याबद्दल तिला उठाबशा काढाव्या लागल्या.

उठाबशांवर मला जरा जास्त बोलायचंय. येळ्ळूरच्या किंवा आनंदवाडीच्या आखाड्यात याच हालचालीला बैठका म्हणतात. पैलवान त्या शेकड्यानं मारतो आणि वर दूध पितो. मांड्यांना आणि गुडघ्यांना याच्याइतका स्वस्त व्यायाम दुसरा नाही. तीच हालचाल शाळेत कान धरून करायला लावली की मूल जन्मभरासाठी एक धडा शिकतं: अंगाला घाम येणं म्हणजे चूक झाली. मैदानाला चार फेऱ्या मारायला लावणं, हेही तसलंच. गणितातली चूक दाखवायला कुणी "आता दहा पानं कविता वाच" म्हणतं का? कवितेची किती नावड लागेल! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. हे कलम सरांच्या तोंडावर मारायला जाऊ नका. माणूस वाईट नाही असं तुम्हीच म्हणताय. माहीत असू द्या एवढंच.

आणि डॉक्टरांकडं जरूर जा, रक्त तपासायला. अंगानं भरलेली पोर अशक्त नसते असं आपण धरून चालतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की पळताना छाती फुटायची पाळी येते, आणि बघणारा म्हणतो, लठ्ठ आहे, आळशी आहे. आठवड्याला एक लोहाची निळी गोळी शाळेतून मिळते ती ती खरंच गिळते का, तेही बघा. माझ्या वर्गाच्या खिडकीखाली पावसाळ्यानंतर त्या गोळ्यांचा सडा सापडायचा. पळताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, शिट्टीसारखा श्वास वाजणं, यातलं काही असेल तर मग डॉक्टर सांगतील तसंच करायचं, तिथं माझं ऐकू नका.

मी सर्टिफिकेटला नको का म्हणतेय, त्यासाठी एक जुना हिशोब सांगावा लागेल. तो माझ्याच डोक्यावरचा आहे.

निवृत्तीनंतर मी सकाळी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत फिरायला जाते. तीनेक वर्षांपूर्वी तिथं झाडाखाली एक बाई थांबवून म्हणाली, "वळखलासा काय बाई?" पन्नाशीला आलेली, पायात नवे कोरे बूट, कपाळावर घाम. मी ओळखलं नव्हतं. मग तिनंच सांगितलं, अमक्या साली तुमच्या शाळेत होते. मी आपलं सवयीनं विचारलं, "खो-खोच्या टीमला होतीस का?" ती म्हणाली, "न्हाई हो. दोन वर्सं मी तुमची घागर सांभाळली की."

मला घागर आठवली. पितळेची, तोंडाशी चेपलेली. मैदानाच्या कडेला ती भरून ठेवायची, खेळणाऱ्या पोरींना पेल्यानं पाणी द्यायचं, चपला राखायच्या. हे काम कुणाला द्यायचं ते मी जूनमध्येच ठरवून टाकायची. ज्या पोरी पहिल्या आठवड्यात जड वाटल्या, त्या घागरीला. माझी टीम तालुक्याला जिंकायची, जिल्ह्याला जायची, हेडमास्तर प्रार्थनेत नाव घ्यायचे. बारा पोरींची टीम आणि बावन्नचा वर्ग. उरलेल्या चाळीस जणी माझ्या तासाला टाळ्या वाजवायच्या, आणि त्या तासाला मी शारीरिक शिक्षण म्हणत होते. त्या बाईला साखर निघाली होती, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. पहिला महिना तिला लाज वाटत होती, लोक बघतील म्हणून. पन्नासाव्या वर्षी, स्वतःच्या गावात, चालायची लाज! ती लाज मीच दिली होती बहुतेक.

टीममधल्या पोरींचंही फार वेगळं झालं नाही, हे सांगितलं पाहिजे. लग्न झालं, खो-खो सुटला. खो-खोला नऊ-नऊ जणी लागतात, त्या सासरी कुठून आणणार? माझा एक चुलतभाऊ पैलवान होता. तिशीत आखाडा सुटला, खुराक मात्र सुटला नाही. त्याचं पुढं काय झालं ते आपल्याकडं घरोघरी ठाऊक आहे. म्हणून आता मी कुठल्याही शाळेतल्या पीटीला एकच प्रश्न लावते: इथून बाहेर पडलेली पोर चाळिसाव्या वर्षी, एकटी, पैसे न घालता, आपणहून काय करेल? चालेल? पोहेल? दोरीवरच्या उड्या मारेल? सूर्यनमस्कार घालेल? सायकल हाणेल? त्यातलं एक जरी तिच्या अंगवळणी पडलं नसेल तर ढाली कपाटात ठेवून काय करायच्या.

आकडे ऐकायचे तर ऐका. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस हाडांना-स्नायूंना जोर देणारी. त्याच संघटनेच्या संशोधकांनी 2019 मध्ये 146 देशांचा हिशोब मांडला तेव्हा 11 ते 17 वयाच्या मुलींपैकी 85 टक्के आणि मुलग्यांपैकी 78 टक्के या मापात बसत नव्हते. शाळेचे आठवड्याचे दोन-तीन तास धरले तरी हे 60 मिनिटांचं माप भरत नाहीच. पण तिथं गोडी लागली तर बाकीचं मूल स्वतः भरून काढतं. घरी शिकवायला सगळ्यांना जमत नाही, म्हणून तो तास मोलाचा. शिवाय हाडांची गोष्ट वेगळी आहे. माणसाच्या हाडांचा बहुतेक भरणा विशीपर्यंत होऊन जातो, आणि तो उड्यांनी, धावण्यानं, वजन पेलण्यानं होतो. तुम्ही मागाशेजारी बसून कांड्या भरता, तुमची कंबर धरत असेलच. तुमच्या लेकीची साठीतली कंबर आत्ता तयार होतेय.

राहिलं गणित. पीटीच्या तासाला वर्गात एकटी बसवलेली, खिडकीतून बाहेरचा आरडाओरडा ऐकणारी बारा वर्षांची पोर त्रैराशिक सोडवते यावर माझा विश्वास नाही. खेळाला वेळ दिल्यानं मार्क घसरतात असं कुठल्या धड अभ्यासात दिसलेलं नाही. उलट पळून आलेलं पोर पुढच्या तासाला जास्त लक्ष देतं, हे कुठल्याही मास्तराला विचारा. गणितासाठी घरी अर्धा तास काढा. मोबाईल कमी करा, झालं.

आता सरांकडं कसं जायचं ते सांगते. एकट्या नको, आणि तक्रार म्हणून नको. तुमची सरकारी शाळा आहे, म्हणजे एसडीएमसी, शाळेची विकास आणि देखरेख समिती आहे, अध्यक्ष पालकांतलाच असतो. त्यांना घेऊन जा, सोबत आणखी दोन आया. सर कन्नड आहेत म्हणून बिचकू नका. वडगावात राहून तुम्हाला मोडकंतोडकं येतंच, त्यांनाही मराठी येत असणार. माझ्या शाळेतली पोरं "एक-दोन-तीन"ला सुरुवात करून "ओंदु-येरडु-मूरु"वर संपवायची, कवायत काही अडली नाही. हात रिकामे घेऊन जाऊ नका. दहा दोऱ्या घेऊन जा. मागाच्या घरात सूत-दोर यांची काय टंचाई! जुन्या दोरीला पीळ द्या, टोकांना चिंधी गुंडाळा. सरांच्या हातात काहीतरी ठेवलं की बोलणं सोपं जातं.

मागणं दोनच ठेवा. पहिलं, वर्गाचे सहा-सात जणांचे गट करून सगळे एकाच वेळी हलतील असं बघा. एका चेंडूपुढं पन्नास जणांची रांग लावली तर अख्ख्या तासात एका पोराच्या वाट्याला दोन फेक येतात. मी घड्याळ लावून मोजलंय. एका गटाला दोरी, एकाला लगोरी, एकाला चिंध्यांचा चेंडू, एकाला जुना टायर, आणि सात मिनिटांनी शिट्टी, जागा बदल. कबड्डीच्या टीमचा सराव शाळा सुटल्यावर घ्यावा, कुणाची ना नाही. दुसरं मागणं, 600 मीटर प्रत्येकानं स्वतःच्याच मागच्या वेळेशी पळावं. वहीत तारीख आणि वेळ. पहिला कोण, शेवटचा कोण, ते मोठ्यानं सांगायचं नाही. सरांना दोन शाळा आहेत, त्यांचेही हाल आहेत. शिक्षण हक्क कायद्यातच सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन शिक्षक द्यावा असं लिहिलंय. तुमच्या शाळेचा पट तेवढा असेल तर एसडीएमसीनं ठराव करून बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला द्यावा. सर तुमच्या बाजूला येतील.

पावसाळ्यात मैदान लाल चिखल होतं आणि जून ते सप्टेंबर पीटी बंद पडते, ही आपल्या भागातली जुनी सबब. खानापूरकडं तर विचारूच नका. व्हरांड्यात सूर्यनमस्कार होतात, लेझीम होते, जागच्या जागी दोरी होते. माझ्या काही उत्तम वर्षांत मी श्रावणात पोरींकडून तासभर झिम्मा-फुगड्या घालून घेतल्या आणि हजेरीत 'शारीरिक शिक्षण' लिहिलं. इन्स्पेक्टर आले तेव्हा तेही बघत उभे राहिले.

लेकीला पळायचं कसं ते तुम्हीच शिकवा, त्याला सर लागत नाहीत. तिची चूक मी न बघता सांगते: शिट्टी झाली की जीव खाऊन सुटते, शंभर मीटरवर संपते. संध्याकाळी येळ्ळूर रोडला शिवाराच्या बाजूनं दोघी निघा. बोलता येईल इतक्याच वेगानं एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं, असं दहा वेळा. बोलता येईना झालं की वेग जास्त झाला, एवढी एकच खूण. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळायचं, एक चालायचं. आठवड्याला तीन-चार दिवस पुरे. महिना-दीड महिन्यात ती न थांबता 600 मीटर जाईल. पहिली येणार नाही, त्याची गरजही नाही. तुम्ही चपला घालून जाऊ नका, तुम्हालाही पळावं लागणार आहे.

'रोडरोलर' म्हणणाऱ्यांचं काय? वर्गशिक्षिकेला सांगा, नाव घेऊन सांगा. "दुर्लक्ष कर" असं लेकीला सांगू नका. आपल्याला कुणी हाक मारली तर आपल्याला जमतं का? घरातही कुणी लाडानं 'जाडी' म्हणत असेल तर ते आजपासून बंद. आणि वजनकाटा तिच्यापुढं आणू नका. वाढीच्या वयात आकडा वाढणारच.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा, गौरीला फुगड्या किती वेळ घालत होता? पंचमीचा झोका किती उंच न्यायचा? त्या पिढीच्या बायका रात्र-रात्र नाचल्या आहेत, त्यांना ते पळणं वाटत नाही इतकंच. एकदा त्यांनाच नातीला बसफुगडी शिकवायला सांगा. गुडघे साथ देत नसतील तर तोंडानं शिकवतील, पण शिकवतील.

दोरीचं माप राहिलं. लेकीला दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभी करा, दोन्ही टोकं ओढून काखेपर्यंत आली की बरोबर. जास्त झाली तर कापू नका, मुठीपाशी गाठ मारा. ती अजून वाढतेय.